कानावर घालायचं होतं

१२ जानेवारी

ती. वन्सं यांना,

भिंगरीचा काउंटरच्या आतून नमस्कार.

फोन केला की तुम्ही "हो, हो, बरं बरं" म्हणून ठेवून देता. मनातलं फोनवर बोलू नये, लिहावं, असं तुमचंच म्हणणं. मग घ्या, लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका काढाल, पण निदान वाचाल तरी.

काल तुमच्या मैत्रिणीच्या मंडळात माझं भाषण झालं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय असे सगळे तिथे येतात आणि दुखातून उभं कसं राहायचं ते मी त्यांना सांगायचं. मी नेहमीचंच सांगितलं. यांचा शेवटचा दिवस, तोंडावर प्राणवायूचा मास्क, उशाशी एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुम्ही, आणि मास्कच्या आतून आलेले यांचे शेवटचे शब्द, "दुकान सावर." मग मी चष्म्याचं दुकान कसं सावरलं, नंबर काढायला कशी शिकले, घाऊकवाल्यांशी कशी भांडले. टाळ्या पडल्या. सचिवबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या सावरताई!" झालं! तुमच्या घरात आल्यापासून भिंगरी होते, आता सावरताई.

गल्लीतसुद्धा तेच नाव पोचलंय. लोक चष्म्याच्या निमित्ताने येतात आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघतात. परवा एका गिऱ्हाइकाने फ्रेम उलटी घातली म्हणून मी खो खो हसले, तर तो म्हणतो, "तुम्ही हसता! मानलं पाहिजे तुम्हाला." पुढे हसायची सोयच राहिली नाही. रडले तर "अजून सावरली नाही बिचारी", हसले तर "बघा, किती सावरली". इकडे आड, तिकडे विहीर. दुकान अर्धा तास लवकर बंद केलं की शेजारचा शिंपी विचारतो, "बरं नाही का?" आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्यापर्यंत पोचलेलं असतं.

आपल्या दुकानात आरसे किती आहेत हे पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं. काउंटरच्या आत बसलं की समोर मी, डावीकडे मी, उजवीकडे मी. सगळ्या जणी खंबीर. बाहेर पडायचं तर काउंटरची आडवी फळी उचलावी लागते, आणि दिवसभरात उचलायची वेळच येत नाही.

जाता जाता एक गंमत. डोळ्यांच्या दवाखान्याची एक फिरती गाडी आहे, ती गावोगाव जाऊन डोळे तपासते. त्यातल्या डॉक्टरीणबाई फ्रेम घ्यायला आल्या होत्या. माझं काम बघून म्हणाल्या, "चष्म्याच्या काड्या इतक्या नीट बसवणारं माणूस आम्हाला हवंय. येता का?" मी हसण्यावारी नेलं. गाडीला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत. सहज आपलं लिहिलं.

तुमच्या चष्म्याची उजवी काडी सारखी सैल होते म्हणालात. पाठवून द्या.

तुमची,
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

"दुख" नव्हे, "दुःख". मनाला होतं त्याला विसर्ग लागतो. अंग दुखतं, डोकं दुखतं, त्याला लागत नाही. माझी आयुष्यभराची नोकरी शाळेत गेली आणि माझ्याच भावजयीने विसर्ग खावा, हे बरं दिसत नाही.

भाषणाचं वाचून ऊर भरून आला. इथे इमारतीत सगळ्यांना सांगितलं. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, तुमच्या भावजयीचा फोटो दाखवा. दाखवला. तिचा नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही, तिला म्हटलं, आमच्या भिंगरीकडे बघ. सावरताई हे नाव मला आवडलं. तुला शोभतं. मार्चमध्ये मंडळाची मोठी सभा आहे, तिथे तूच बोलायचंस असं मी मैत्रिणीला कळवून टाकलंय. हसू नकोस असं माझं म्हणणं नाही, पण चारचौघांत जरा बेताने.

एक तुला कधी सांगितलं नाही. मी सकाळी चहाचा कप घेऊन बसते आणि घड्याळाकडे बघते. आता भिंगरीने शटर वर केलं असेल, असं मनात येतं. तेवढा वेळ मला वाटतं, माझा धाकटा भाऊ कामावर गेलाय. मग चहा घशाखाली उतरतो. तू शटर वर करतेस म्हणून माझा दिवस सुरू होतो, हे लक्षात ठेव.

जाणाऱ्याने एकच गोष्ट मागितली. ती तू करतेस. याहून मोठं काय असतं?

गाडीबद्दल लिहिलंस ते वाचलं.

तुझी,
वन्सं


२ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,

स. न.

"वाचलं." एवढंच? गाडीकडे तुम्ही सरळ कानाडोळा केलात. चष्मेवालीला कानाडोळा चटकन ओळखू येतो.

तर मग सरळच लिहिते. ती गंमत नव्हती. डॉक्टरीणबाईंना महिनाअखेर उत्तर द्यायचंय आणि मला जायचंय. मला पहाटे उठून अनोळखी गावात उतरायचंय. ज्यांना माझं काही माहीत नाही अशा म्हाताऱ्यांच्या नाकावर चष्मा ठेवायचाय, त्यांनी सुईत दोरा ओवला की मोठ्याने हसायचंय. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून यांनी मला हे नाव दिलं. ती भिंगरी काउंटरखाली पडून गंजतेय हो.

आणि आता एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. कितीदा पेन उचललं आणि ठेवलं.

यांनी "सावर" म्हटलं नव्हतं. मला "आवर" ऐकू आलं होतं.

रोज संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की हे काउंटरवर बोटं वाजवायचे आणि म्हणायचे, "चल गं, दुकान आवर." मग मी ट्रे आत ठेवायचे, आरशांवर कापडं टाकायचे, हे शटर ओढायचे आणि आम्ही पुलापर्यंत चालत जायचो. दिवसातला तेवढाच वेळ आमचा दोघांचा होता. त्या दिवशी मास्कमधून तेच शब्द आले, "दुकान आवर." मला वाटलं, पुरे झालं म्हणतायत. चल म्हणतायत. पण खोलीतून बाहेर पडताच तुम्ही सगळ्यांना "सावर म्हणाला, दुकान सावर म्हणाला" असं इतकं ठामपणे सांगितलंत की मला माझ्याच कानांचा भरवसा वाटेना. तेव्हापासून मी एका "स"मध्ये अडकून पडलेय.

हे तुम्हाला समोरासमोर सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण मी मनातलं बोलायला लागले की तुम्ही मान फिरवता. मागे आला होतात तेव्हा जेवताना मी म्हटलं, "वन्सं, मला इथे गुदमरतंय." तुम्ही मान वळवून भिंतीकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "हो ना, उकडतंय खरं." त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

रागावा, पण उत्तर द्या.

भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरीस,

पत्र मिळालं.

शेवटच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ओळखणारी मी. आणि माझ्या पाठच्या भावाचा शेवटचा शब्द मला कळला नाही, असं तू म्हणतेस.

ज्याला जे हवं असतं तेच त्याला ऐकू येतं. तुला आवरायचं आहे, तुला "आवर" ऐकू आलं. मंडळातल्या माणसांना आता काय सांगणार आहेस? की जिच्याकडे बघून तुम्ही उठून बसलात, तिला मुळात दुकान नकोच होतं?

तू ते शटर कायमचं खाली ओढलंस तर माझा भाऊ दुसऱ्यांदा जाईल. मला दुसऱ्यांदा सोसवणार नाही. एवढंच माझं म्हणणं. बाकी तू सुज्ञ आहेस.

चष्मा वेगळ्या पार्सलने पाठवला आहे.

वन्सं


२७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,

स. न.

चष्मा दुरुस्त करून सोबत पाठवतेय. नाकाचे टेकूही बदललेत. उजवी काडी नुसती सैल नव्हती, बाहेरच्या बाजूला फाकली होती. कानामागे सारखा हात नेल्यासारखी. असं कशाने होतं, कळलं नाही. जरा जपून वापरा.

गाडीवाल्यांना नाही म्हणून कळवलं. तुमच्या पत्रातलं "दुसऱ्यांदा" वाचल्यावर दुसरं काही सुचेना. मार्चच्या सभेत बोलेन.

भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

माझा जीव भांड्यात पडला. मागच्या पत्रात मी जरा फटकळ लिहिलं, ते पोटात घाल. तोंडाने तिखट असले तरी तुझ्यावर माझी माया आहे, हे तुला ठाऊक आहे.

चष्मा छान बसला. धाकट्याचा हात तुझ्या हातात उतरलाय. काडी कशाने फाकते म्हणून विचारलंस. वय झालं, दुसरं काय. वस्तूंचंही होतं.

इथल्या दुकानातून तुला एक टेबलपंखा पाठवतेय. गुदमरतं म्हणालीस ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं. काउंटरच्या कोपऱ्यात ठेव, तोंड तुझ्याकडे कर. गिऱ्हाइकांचा विचार करू नकोस.

सभेला मी येणार होते, पण गर्दीत मला हल्ली डोकं भणभणल्यासारखं होतं. तू बोल. मी घड्याळाकडे बघत इथे बसेन.

तुझी,
वन्सं


१९ मार्च

ती. वन्सं यांना,

पंखा पोचला. चालू केला. पहिल्याच फटक्यात नंबर तपासायच्या चिठ्ठ्या गल्लीभर उडाल्या आणि शिंप्याला पळापळ करावी लागली. शिंपी पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडला.

आता सभेचं लिहिते. बसून वाचा.

हॉल भरला होता. मी तेच बोलले, त्याच जागी थांबले, त्याच जागी टाळ्या पडल्या. "दुकान सावर" म्हणताना आवाज कापायचा तिथे बरोबर कापला. स्वतःचीच किळस आली वन्सं. माझ्या नवऱ्याच्या मरणाचं पाठांतर झालं होतं.

उतरताना जिन्यात एका बाईने हात धरला. ठेंगणीशी, पांढरे केस. "ओळखलंत का?" म्हणाली. मला ओळखू येईना. मग तिने तोंडावर मास्कसारखा हात आडवा धरला आणि ओळख पटली. यांच्या वॉर्डमधल्या सिस्टर. त्यांचा मुलगा गेलाय, म्हणून त्या मंडळात येतात. त्या म्हणाल्या, "ताई, बोलू की नको असं झालंय. पण तुम्ही गावभर सांगताय ते तसं नाही हो. ते दुकानाचं काही बोलत नव्हते. मास्कची इलास्टिकची पट्टी त्यांच्या कानामागे रुतत होती. सकाळपासून त्यांचं तेच चाललं होतं. दुखतंय, कानावर दुखतंय."

दुखतंय कानावर.

तुम्ही एकदा तोंडावर हात धरून म्हणून बघा. मी जिन्यातच म्हणून बघितलं. दु… कानावर. दुकान आवर. दुकान सावर.

मी तिथेच पायरीवर बसले. आधी हसू आलं. इतकं हसले की सचिवबाई वरून धावत आल्या. मग ते हसू कधी फिरलं कळलं नाही. वन्सं, मी दिवसभर दुसरं काय करते? चष्मा चढवला की प्रत्येकाला विचारते, "कानावर दुखतंय का?" दुखत असेल तर काडी गरम करते, वाकवते, पुन्हा चढवते, पुन्हा विचारते. गल्लीतला एकही कान मी सोडला नाही. आणि माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत तेच सांगत होता आणि मी त्यातून स्वतःची सुटका शोधत होते. तुम्ही म्हणालात तसंच झालं. मला हवं तेच ऐकू आलं. तुम्हालाही.

तुम्ही शिकवलेलं तेव्हा आठवलं. यांचं दुखणं विसर्गाशिवायचं होतं.

सिस्टरांना विचारलं, मग? त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी बाहेर गेलात तेव्हा मी पट्टी सैल केली, खाली कापूस ठेवला. बरं वाटतंय का विचारलं तर मान हलवली त्यांनी." त्या कापसाच्या बोळ्यावर मी गेले काही दिवस जगतेय.

घरी आल्यावर दुसरीच भीती वाटली. त्यांनी "सावर" म्हटलं नाही, तसं "आवर"ही म्हटलं नाही. म्हणजे मला कोणी डांबलं नव्हतं आणि कोणी सोडलंही नाही. आता जे करायचं ते माझ्या नावावर. इतके दिवस तुमच्या "स"ला शिव्या घातल्या, पण त्याच्या आडोशाला मी सुखरूप होते.

तर वन्सं, मी दुकान आवरतेय. त्यांनी सांगितलं म्हणून नाही, आणि तुम्हाला डिवचायला तर मुळीच नाही. मला जायचंय म्हणून. काल डॉक्टरीणबाईंना लाज गुंडाळून फोन केला. म्हणाल्या, तुमच्या जागी एक मुलगी घेतली, पण तिला गाडी लागते, घाटात हाल होतात. पुढच्या महिन्यात या. भिंगरीला काय लागायचंय!

तुमचा चहा घशाखाली उतरणार नाही, हे माहीत आहे. त्याचं वाईट वाटतं. फार वाटतं. पण तुमच्या चहासाठी मी आणखी शटर वर करू शकत नाही.

हे पत्र आजच पेटीत टाकतेय. मान फिरवू नका.

भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझं पत्र आल्या दिवशी मी ते कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं. त्या सिस्टरचा राग आला. वाटलं, ही कोण, माझ्या भावाचा शब्द बदलणारी.

मग घासताना, पुसताना, केस विंचरताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं आणि एकदम आठवलं. धाकटा लहान असताना मी त्याला लोकरीची कानटोपी विणली होती. माझं पहिलंच विणकाम. टाके घट्ट पडले होते. ती घातली की तो दिवसभर माझ्यामागे भुणभुण करायचा, "अक्का, दुखतंय कानावर. कानावर दुखतंय." मी म्हणायचे, "काही होत नाही, सवय होईल." थंडीभर मी त्याला ती टोपी घालायला लावली.

सिस्टर खरं बोलली, भिंगरी. ते वाक्य माझ्याच ओळखीचं होतं. जगात मला एकटीला ते पहिल्या अक्षरावरून कळायला हवं होतं.

आता मला का कळलं नाही, ते ऐक. तू रागावशील, मग हसशील. माझा डावा कान गेलाय. आज नाही, नोकरीची शेवटची वर्षं मी वर्ग ओठांवरून चालवला. उजव्यानेही निम्मंशिम्मं येतं, म्हणून कानामागे तळवा धरावा लागतो आणि तुझी काडी फाकते. फोनवर मला फक्त गुणगुण येते, म्हणून "हो हो, बरं बरं". त्या दिवशी मास्कमुळे त्याचे ओठही दिसत नव्हते. प्राणवायू सूं सूं करत होता. तो "स" बहुतेक त्या हवेचा. बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं. बाईला ऐकू येत नाही, असं कोणी म्हणू नये म्हणून मी तुला त्या काउंटरमागे बसवून ठेवलं आणि वर पंखा पाठवला.

आणि मान. मी मान फिरवत नव्हते गं. चांगला कान तुझ्याकडे करत होते. त्या दिवशी जेवताना तू काहीतरी जिवाचं बोलतेयस एवढं तुझ्या चेहऱ्यावरून कळलं, म्हणून वळले. वळले तर तुझे ओठ दिसेनात, आणि कानाला पोचलं ते नुसतं "…तंय". उकाड्याचे दिवस होते. "उकडतंय" असावं असं धरलं.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या बाईला बरोबर घेतलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तीही त्या निमित्ताने पहिल्यांदाच जिना उतरली. आम्ही दोघी एकमेकींना धरून रस्ता ओलांडत होतो, कोण कोणाला सावरत होतं कोण जाणे. यंत्र बसवलं. घरात इतके आवाज आहेत हे मला ठाऊक नव्हतं. नळ गळतो. घड्याळ टिकटिकतं, कटकटीसारखं. सकाळी चहा घेताना घड्याळाकडे बघायची सवय आहे ना, तर आता ते मला उलट बोलतं. चहा अजून घशाशी अडतो. उतरेल कधीतरी. ते माझं मी बघेन.

तू जा. गाडीला खिडक्या आहेत म्हणालीस, त्यातल्या एका खिडकीशी बस.

फक्त शटर एकटीने ओढू नकोस. मी शनिवारी येतेय. ट्रे मी आत ठेवीन, आरशांवर कापडं तू टाक, मग पुलापर्यंत जाऊ. मला तो पूल कधी दाखवलाच नाहीत तुम्ही दोघांनी.

आणि आवरायच्या आधी माझं एक काम कर. आता उजव्या कानामागे यंत्र आणि चष्म्याची काडी, दोघांची जागेवरून भांडणं चालली आहेत. काडी गरम कर, वाकव, चढव. मला तुझं शेवटचं गिऱ्हाईक होऊ दे. मग तुझा नेहमीचा प्रश्न विचार. हळू विचारलास तरी चालेल, ऐकू येईल. दुखत असेल तर दुखतं म्हणून सांगेन.

तुझी,
वन्सं